कारण : डेमो दिला

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

ही डायरी कंपनीची. कोल्हापूरला ‘उत्कृष्ट सेवा केंद्र, किनारपट्टी विभाग’ असं बक्षीस दिलं, शाल घातली आणि शालीसोबत ही. प्रत्येक पानाच्या तळाला ‘ऊर्मी, घराघरांत ऊब’ असं छापलंय. मालवणात ऊब कोणाला हवी आहे देव जाणे, पण पर्यटकांना गरम पाणी लागतं, म्हणून होमस्टेवाल्यांना गीझर लागतो, आणि म्हणून आमचं दुकान चालतं. डॉक्टर म्हणाले, मोंडकर, तुमचं प्रेशर रागाने वाढतं, लोकांवर जे ओरडता ते लिहून काढत जा. बघू.

मी मुळात बोटीवरचा मिस्त्री. पंचवीस वर्षं ट्रॉलरची इंजिनं उघडली. पाठ गेली तेव्हा बाजारात गाळा घेतला आणि ऊर्मीचं सेवा केंद्र पदरात पाडून घेतलं. दुकानात मी आणि समीक्षा. समीक्षा माझ्या चुलतभावाची मुलगी, कणकवलीला बी.कॉम. झालेली. कॉम्प्युटर तिच्या ताब्यात, पाना माझ्या.

बक्षीस कशाचं, तर वर्षभरात आमच्याकडून एकही तक्रार ‘पार्ट निकामी’ म्हणून वर गेली नाही. साहेबांनी भाषणात खास सांगितलं, टाळ्या पडल्या. शेजारी कारवारकडचा केंद्रवाला बसला होता, तो टाळ्या न वाजवता माझ्याकडे बघत राहिला. जळत असणार.

गुपित साधं आहे. ‘ऊर्मी झटपट’ या तीन लिटरच्या गीझरात अर्थिंगची वायर ज्या बोल्टला बांधतात तो साध्या लोखंडाचा, वरून नुसता चकचकीत मुलामा. इथल्या खाऱ्या वाऱ्यात वर्षभरात त्याचा भुगा होतो. विहिरींचं पाणी मचूळ, त्यामुळे आतली कॉइलही लवकर चिरते. कॉइल चिरली तरी अर्थिंग शाबूत असेल तर माणसाला काही होत नाही. पण बोल्टच गेला, तर करंट थेट नळात. कोल्हापुरात बसून हे कोणाला कळणार? बोटीवर काम केलेल्याला कळतं. मी तो बोल्ट काढतो, पितळी घालतो. दहा मिनिटांचं काम. लोखंडी खाडीत फेकून देतो.

अ‍ॅपवर लिहितो, ‘कारण : डेमो दिला’. म्हणजे गिऱ्हाइकाला वापर कसा करायचा ते समजावलं आणि तक्रार मिटली.

११ जानेवारी, शनिवार

धुरीवाड्यातल्या सत्यवतीकाकींकडे गेलो. पंचाहत्तरी ओलांडलेल्या, मुलगा बोरिवलीला. “सुदेशा, नळाक हात लायलो की मुंगये येतत रे,” म्हणाल्या. उघडून बघितलं तर बोल्ट बोटाने चुरगळला. पितळी घातला, कॉइल बदलली, पैसे घेतले नाहीत. काकींनी चहा पाजला, दोन नारळ दिले आणि माझ्या आईची आठवण काढून रडल्या. असं काम केलं की मला रात्री झोप लागते.

दुकानात आल्यावर समीक्षा म्हणाली, “काका, ‘पार्ट निकामी’ घालू? खरा ताच आसा.”

“ता घातलंस तर पार्ट कोल्हापुरातसून येतलो. वीस दिवस. तवसर काकीन आंघोळ करूची नाय?”

“मगे तुमी पार्टय बदला आणि खराय लिवा.”

“नव्या पार्टाचो बारकोड मागता ता अ‍ॅप. माझ्या पितळी बोल्टाक खंयचो बारकोड?”

“मगे फोन करून सांगा तेंका. मालच खराब आसा म्हणान.”

इथे माझा आवाज चढला. ज्या मालाचा बोर्ड माझ्या गाळ्यावर आहे तो खराब आहे असं मीच सांगू? उद्या बाजारात बातमी पसरली, की दिवाळीला गिऱ्हाईक समोरच्या दुकानात. तिला म्हटलं, तू बिलं बघ. तिने ‘डेमो दिला’ टाइप केलं. कळा जरा जोरातच दाबल्या.

२४ जानेवारी, शुक्रवार

आज देवबागला बाबलीकडे. बाबली केळुसकर आणि मी एकाच ट्रॉलरवर अकरा वर्षं, तो सुकाणूवर आणि मी खाली इंजिनात. आता त्याच्या समुद्राकडच्या सहा खोल्या आहेत आणि सहाही गीझर माझ्याकडचे. त्याची काहीच तक्रार नव्हती. मीच आपण होऊन गेलो, मित्राला आधी.

पाच झाले आणि डब्यात हात घातला तर पितळी बोल्ट संपलेले. निघताना डबा बघितलाच नव्हता, माझाच वेंधळेपणा. सहावा पुढच्या खेपेला. तोवर वहिनींनी सुरमई तळली होती.

जेवताना बाबलीने विचारलं, “सकाळपासून काय खुडबूड करतंस रे?”

“सर्व्हिस केलंय. सगळे बघलंय.”

“बरा केलंस मेल्या. माका त्यातला काय कळता?”

आल्यावर समीक्षाला सहा डेमो घालायला सांगितले.

६ फेब्रुवारी, गुरुवार

ओमकार साहेबांचा फोन. हे आमच्या विभागाचे सर्व्हिस मॅनेजर, वय पस्तीस, बोलायला लोण्यासारखे. म्हणाले, “सुदेशभाऊ, एक अनौपचारिक विचारतो. किनाऱ्यावर अर्थिंगचे काही प्रॉब्लेम? बाकी ठिकाणांहून जरा कुरबुर आहे.”

म्हटलं, “आमच्याकडे शून्य.”

“नक्की? मीटिंगमध्ये सांगू?”

“छातीठोक सांगा.”

ते इतके खूश झाले की मलाच आश्चर्य वाटलं. म्हणाले, मालवणचं नाव आज वरपर्यंत जाणार. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, “नाव जातला ता जातला, पण कित्यासाठी जाता ता इचारलास?” हिला प्रत्येक गोष्टीत खुसपट.

२३ फेब्रुवारी, रविवार

आंगणेवाडीची जत्रा आटपली. पंधरा दिवस श्वास घ्यायला फुरसत नाही. बोल्ट आणायला कुडाळला जायचं राहूनच गेलंय.

२ मार्च, रविवार

सकाळी आठला बाबलीचा फोन. “सुदेशा, तू ये.” एवढंच बोलला.

खोली कुठली ते त्याने सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. तारकर्लीवरून देवबागच्या रस्त्याला लागलो तेव्हाच मला माहीत होतं.

साताऱ्याचं कुटुंब. आईबाप आणि एकोणीस वर्षांचा मुलगा, अनिश. आंघोळीला गेला, शॉवरचा लोखंडी नळ धरला, तो सुटलाच नाही. बाबलीने दार फोडून मेन स्विच पाडला तोपर्यंत संपलं होतं. आई पायरीवर बसली होती, मांडीवर कोरडा टॉवेल. कोणीतरी तो घ्यायला गेलं, तर तिने दिला नाही.

मी कोण आहे, हे त्या बाईला कोणी सांगितलं नाही. मी माडाला टेकून उभा राहिलो. 

३ मार्च, सोमवार

पंचनामा झाला. पोलिसांनी माझ्याकडूनच गीझर उघडून घेतला, तालुक्यात दुसरा माणूस नाही. बोल्ट नव्हताच. त्या जागी तांबडी पूड. कॉइल उभी चिरलेली.

मग घराची अर्थिंग तपासली. अर्थिंगचा खड्डा मीच कोळसा आणि मीठ घालून भरला होता, चार वर्षांपूर्वी. मीटर लावला, अर्थिंग पहिल्या दिवसासारखी चोख. हवालदाराने वहीत लिहून घेतलं की नाही ते बघायचं भान राहिलं नाही.

बाबलीवर निष्काळजीपणाचा गुन्हा. संध्याकाळी त्याला नेलं. जाताना त्याने फक्त चपला मागितल्या.

५ मार्च, बुधवार

ओमकार साहेब कोल्हापुराहून गाडी करून आले. सोबत टाइप केलेला तांत्रिक अहवाल, खाली माझं नाव आणि सहीची जागा. ‘सदर ठिकाणी घरातील अर्थिंग सदोष आढळली. उपकरणात निर्मितीदोष आढळला नाही.’

म्हटलं, “अर्थिंग चोख आहे. मी मोजली आहे. दोष तुमच्या बोल्टात आहे.”

त्यांनी समीक्षाला चहा सांगायला बाहेर पाठवलं आणि लॅपटॉप उघडला. “सुदेशभाऊ, वर काही राक्षस बसलेले नाहीत. एक तक्ता असतो. हजार गीझरमागे ‘पार्ट निकामी’ किती. दोनच्या वर गेलं की समितीला माल परत बोलवावाच लागतो. सगळे गीझर, फुकट, पेपरात जाहिरात देऊन. दोनच्या खाली असेल तर फाइल बंद. कारवारकडून चार आले होते. रत्नागिरीकडून सव्वादोन. सगळे हादरले होते. मग मालवण धरलं, मालवणचं शून्य. आणि तुमचा खप सगळ्यांत जास्त. सरासरी आली एक पूर्णांक नऊ.”

“कधी?”

“दहा फेब्रुवारीला.”

 त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. माझ्या नावासमोर एकशे सतरा ओळी. डेमो दिला. डेमो दिला. डेमो दिला. “तुम्हीच एकशे सतरा वेळा लिहून दिलंय की मशीन बरं आहे,” ते म्हणाले. आवाज अजून लोण्यासारखाच. “आता एकशे अठराव्या वेळी वेगळं लिहिलंत तर कोण ऐकणार? आणि तुमचं काय होणार?”

मी सही केली नाही. पण कागद फाडलाही नाही. उद्या कळवतो म्हटलं.

ते गेल्यावर समीक्षा दोन चहा घेऊन आली. दोन्ही मोरीत ओतले.

६ मार्च, गुरुवार

मी माल बरा करत होतो. तरीही लिहून बघतो : मी माल बरा करत होतो. कोणाला झटका बसू नये म्हणून धावत होतो, पदरचे बोल्ट घालत होतो.

आणि जितका बरा करत होतो तितका तो माल कागदावर चांगला होत होता. कारवारवाल्याने खरं लिहिलं, त्याला बक्षीस नाही. त्याच्या चार खऱ्यांवर माझं एक शून्य भारी पडलं. तो माझ्याकडे का बघत होता ते आता समजतंय. मला माझीच लाज वाटते.

१४ मार्च, शुक्रवार

बाबलीला जामीन मिळाला. खोल्यांना सील, बुकिंगवाल्यांनी पैसे परत मागितले. मी अजून अहवालावर सही केली नाही, म्हणून कंपनीने परस्पर कोल्हापूरच्या इंजिनिअरची सही घालून तो पोलिसांना देऊनही टाकला. तो इंजिनिअर देवबागला आलेलाच नाही.

बाबलीचे वकील म्हणाले, त्याला सोडवायचं तर बोल्टाचा दोष सगळीकडे होता हे दाखवा. बोल्ट तर मी खाडीत फेकले. उरली माणसं. त्या सगळ्या घरांतून लेखी आणा, की झटका बसत होता, सुदेशने बोल्ट बदलला. मला एकदम हुरूप आला. माझ्या शब्दाला मालवणात काय वजन आहे ते कंपनीला दाखवतो. उद्यापासून घरोघर.

२० मार्च, गुरुवार

सहा दिवस फिरलो. शंभरावर घरं, सह्या चार. त्यातले दोघे पुण्याहून येऊन राहिलेले.

लोक वाईट नाहीत, तीच तर पंचाईत. दारात गेलो की खुर्ची, चहा, खाजं. कागद काढला की चेहरे उतरतात. आमच्या भागात घरात येऊन काम करून दिलेल्या, चहा पिऊन गेलेल्या माणसाविरुद्ध कागदावर लिहून देत नाहीत. सत्यवतीकाकींना मी चार वेळा समजावलं, की तक्रार माझ्याविरुद्ध नाही, कंपनीविरुद्ध आहे.

“माझो हात झडलो तरी सही करूचंय नाय,” त्या म्हणाल्या. “तू येवन बरा करून दिलंस, पैशे नाय घेतलंस.”

“काकी, ता कंपनीन वाईट केलेला.”

“कंपनी कोण रे? आमी खंय बघलंव कंपनी? आमका कंपनी म्हंजे तू.”

आणि वर हातावर लाडू ठेवला. मी गाडीवर बसून खाल्ला, कारण टाकवत नव्हता. इतका कडू लाडू मी आयुष्यात खाल्ला नाही, आणि काकींच्या हाताला काही झालेलं नाही.

२८ मार्च, शुक्रवार

मी कंपनीला बारा पानांचं पत्र पाठवलं होतं. समीक्षाने टाइप केलं होतं, एकदाही न थांबता. आज उत्तर आलं, पाच ओळींचं. ‘आपल्या केंद्राकडूनच प्राप्त झालेल्या माहितीच्या आधारे समितीने दि. १० फेब्रुवारी रोजी निर्णय घेतलेला असून, तो बदलण्यास सबळ कारण आढळत नाही.’

त्याच पाकिटात रंगीत पत्रक. पाडव्याची योजना : ‘जुना झटपट द्या, नवा झटपट प्लस घ्या, सातशे रुपये सूट!’ समीक्षाने नव्या मॉडेलचा तक्ता बघितला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. ‘अर्थिंग बोल्ट : स्टेनलेस स्टील’.

त्यांना माहीत होतं. नव्यात बोल्ट बदलून झालासुद्धा. गाजावाजा न करता जुने गोळा करायचे, आणि तेही लोकांकडून वर पैसे घेऊन. माल परत बोलावला असं कुठे म्हणायचं नाही, म्हणजे दोष होता असं कुठे होत नाही. मी इतका हरामखोर कागद आजवर हातात धरला नव्हता, आणि त्यावर तोरण आणि गुढी छापलेली.

३० मार्च, रविवार, पाडवा

सकाळपासून दुकानासमोर रांग. माझी माणसं, जुने गीझर पिशवीतून घेऊन आलेली, नवे कपडे घालून. “सुदेश, बरी स्कीम आणलंस!”

दुकान बंद ठेवावं असं वाटलं. पण जुना गीझर घरातून जातोय तर जाऊ दे, सूट सातशेची तर सातशेची. बावीस विकले. विकताना कोणाच्याही तोंडाकडे बघितलं नाही.

४ एप्रिल, शुक्रवार

पोलिस ठाण्यात जाऊन जबानी दिली. साहेबांसमोर शुद्ध बोलताना माझी नेहमी त्रेधा उडते, आज उडाली नाही. म्हटलं, “माझ्या नावावरचे सगळे डेमो खोटे आहेत. मला दोष माहीत होता. मी बोल्ट बदलत होतो आणि कंपनीला कळवत नव्हतो. बाबली केळुसकरांचा यात दोष नाही, त्यांच्या घरची अर्थिंग उत्तम आहे.”

फौजदार तरुण, हुशार. “खोटं का लिहीत होता?”

“सोपं होतं म्हणून. आणि दुकानाच्या नावासाठी.”

त्याने बाबलीच्या सहा खोल्यांबद्दल वेगळं असं काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. पाच बदलले, सहावा राहिला, हे वाक्य तोंडापर्यंत आलं होतं. मी सही केली आणि बाहेर आलो.

घरी येताना बाबलीकडे डोकावलो. जबानी दिल्याचं सांगितलं. त्याने माझा खांदा धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मला तो हात झटकून टाकावासा वाटला.

२२ एप्रिल, मंगळवार

केंद्र रद्द. नोटीस सात पानांची, माझी जबानी तिला जोडलेली. ‘सदर केंद्रचालकाने कंपनीच्या परवानगीशिवाय उपकरणांत अनधिकृत सुटे भाग बसवल्याची कबुली दिली आहे. सबब त्याने हाताळलेल्या सर्व उपकरणांची वॉरंटी संपुष्टात आली असून अशा उपकरणांपासून होणाऱ्या कोणत्याही हानीस कंपनी जबाबदार नाही.’

म्हणजे चांगला बोल्ट हा गुन्हा. गंजणारा बोल्ट अधिकृत. सत्यवतीकाकींच्या गीझराची वॉरंटी माझ्या उपकारांनी संपली. ज्या घरात चहा प्यायलो त्या प्रत्येक घराला कंपनी पत्र पाठवणार आहे, माझ्या नावासकट.

वकिलांनी खटल्याची आजची स्थिती सांगितली. आरोपी क्रमांक एक बाबली, आरोपी क्रमांक दोन मी. कंपनी साक्षीदार.

समीक्षा शेवटचा पगार घ्यायला आली. मी म्हटलं, तू जानेवारीतच सांगितलं होतंस. ती म्हणाली, “पण टाइप मीच केलंय मां, काका.” तिच्या आयुष्यातली पहिली नोकरी ही.

१० मे, शनिवार

बाबलीच्या खोल्यांचं सील निघालं. त्याने बोलावलं म्हणून गेलो. पाचही गीझर त्याने स्वतःच भिंतीवरून उतरवून अंगणात मांडले होते, झाकणं उघडी. सहावा पोलिसांकडे. तो उकिडवा बसला होता, मला बस म्हणाला नाही.

“ह्येंका पितळी आसत,” तो म्हणाला. पंचवीस वर्षं समुद्रावर काढलेल्याला पितळ ओळखायला चष्मा लागत नाही. “पाचांकय. जानेवारीत तू घातलंस ते.”

“होय.”

“तेका कित्याक नाय?”

“बोल्ट संपले होते. परत येतलंय होतंय. जत्रा इली मदी.”

“मगे माका सांगूचा. एक शब्द. ह्यो लावू नको म्हणान. मी खोलयेक कुलूप घातलं असतंय.”

मी म्हटलं, माल खराब आहे असं सांगायला जीभ वळली नाही. तुझ्यापाशीसुद्धा नाही. हे मी इतक्या हळू म्हटलं की त्याला दोनदा सांगावं लागलं.

तो त्या पाच पेट्यांची झाकणं एकेक करून परत लावू लागला. ओरडला असता तर बरं झालं असतं, मला ओरडणाऱ्याशी बोलता येतं.

“आदल्या सांजेक ती बाई माका इचारूक इली होती,” तो म्हणाला. “त्या पोराची आवस. म्हणाली, नळाक हात लायल्यावर जरा झिणझिणता, कोणाक बोलवतास काय बघूक? मी हसलंय रे. म्हटलंय, वहिनी, आमच्या सुदेशान म्हयन्याआधी सगळे बघल्यान. तेना बघलेला म्हंजे बिनधास आंघोळ करा.”

“पोलिसांका सांगलंस ह्या?”

“नाय. तुझा नाव घेवचा लागला असता.” मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “दोन म्हयने मी तुका वाचवीत होतंय. माका वाटलेला तू सहावोय बघलंस आणि तूय फसलंस, माझ्यासारखो.”

वहिनी दारात उभ्या होत्या, चहा आणला नाही. मी निघालो तसा बाबली मागून म्हणाला, “त्या पोराच्या आवशीक तू सांग. माका नाय जमाचा.”

११ मे, रविवार

आधी पोलिस ठाण्यात गेलो आणि सहावा गीझर जबानीत घातला. फौजदाराने मान वर करून बघितलं आणि लिहून घेतलं. वकील म्हणतात, यामुळे बाबली बहुतेक सुटेल आणि मी बहुतेक अडकेन. कंपनीला काहीच होणार नाही, हे ते न विचारता म्हणाले.

अनिशच्या आईचा नंबर पंचनाम्याच्या प्रतीवर होता. दुपारी चार वाजता दुकानात जाऊन, शटर अर्धं ओढून फोन लावला. काय बोलायचं ते कागदावर लिहून नेलं होतं. तिसऱ्या रिंगला बाईंनी उचलला.

“मी मालवणहून सुदेश मोंडकर बोलतोय.”

पलीकडे कुकरची शिटी झाली. बाई गॅस बंद करून परत आल्या.

“सुदेश म्हणजे तेच ना तुम्ही, गीझर बघून गेलेले?” त्या म्हणाल्या. “केळुसकरांनी सांगितलं होतं तुमचं नाव. म्हणून तर सकाळी मी अनिशला म्हटलं, जा बाळा, काही होत नाही.”

मी हो म्हणालो.